याकोबाची विहीर आणि माझ्या घरातला कप

आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहतात. सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणतात. दर रविवारी चर्चला जायचं आणि पेन्शनमधले थोडे पैसे बाजूला टाकायचे, हा त्यांचा नेम. कशासाठी? तर मरणाआधी एकदा येशूची भूमी डोळ्यांनी पाहायची! 2019 मध्ये चर्चच्या गटाबरोबर त्या जाऊन आल्या. काशी करून आलेल्या माणसाला आपण भेटायला जातो ना, तशा आम्ही बचत गटाच्या बायका त्यांच्याकडे गेलो.

बेथलेहेमला येशूच्या जन्मस्थानावर जे चर्च आहे, त्याचं दार जेमतेम चार फुटांचं. "राजा असो की माझ्यासारखी म्हातारी, वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही बाई," सिस्टरबाई म्हणाल्या. जेरुसलेममध्ये येशूची कबर मानतात त्या चर्चची किल्ली शेकडो वर्षांपासून एका मुस्लिम घराण्याकडे असते, हे ऐकून तर आम्ही चाटच पडलो.

पण त्यांचे डोळे पाणावले ते नाब्लस गावातल्या याकोबाच्या विहिरीबद्दल सांगताना. शंभर फुटांहून खोल असलेली ही विहीर आता चर्चच्या तळघरात आहे. भर दुपारी एक शोमरोनी बाई तिथे एकटीच पाण्याला आली होती. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानत. तरी थकलेल्या येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. तीच दचकली, माझ्या हातचं पाणी? "मी त्या विहिरीचं पाणी प्यायले आणि मला माझ्या लहानपणीची गावातली विहीर आठवली," एवढं बोलून सिस्टरबाई गप्प झाल्या. पुढचं आम्ही समजलो.

मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. 1893 मध्ये त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. याच रेल्वेमार्गावर आपलं वरठीचं भंडारा रोड स्टेशन आहे! 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. कित्येक वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, तरी त्यांचं सोवळं सुटेना. मग एक दिवस त्यांना स्वतःलाच उमगलं, की जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. त्यांनी विटाळ सोडला आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त हे सगळं आहे. धर्म कोणता घ्यावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण चुलीपाशी बसून स्वतःशी भांडणारी ती बाई मला फार जवळची वाटते.

कारण मी काय वेगळं केलं होतं? बी.ए. झाले, गावोगावी बचत गटाच्या बैठका घेतल्या. 2006 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खैरलांजीत, एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा रात्र रात्र झोपले नाही. आणि माझ्याच घरात मात्र कामाला येणाऱ्या बाईचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला! सासूबाईंच्या वेळची पद्धत, कशाला वाद, म्हणून मी वर्षानुवर्षं गप्प होते.

सिस्टरबाईंकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो कप काढला, घासला आणि घरातल्या कपांत ठेवून दिला. चहा झाल्यावर आम्ही तिघी एकत्रच बसलो. "आज माझा कप कुठं आहे ताई?" तिने विचारलं. "यातलाच कोणताही घे," मी म्हटलं. तिने आधी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई क्षणभर थांबल्या, मग काही न बोलता त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली.

सिस्टरबाईंनी यात्रेहून यार्देन नदीचं पाणी आणलं, मला मात्र त्या विहिरीचंच पाणी मिळालं. मैत्रिणींनो, जरा तुमच्याही खिडकीत बघा. असा एखादा कप तिथे नाही ना?