जुनाट त्वचारोग आणि उपचारांचा विवेक

भंडारदऱ्याचा पाऊस पर्यटकांना सुखवितो; परंतु घाटघर, रतनवाडी, शेंडी या गावांतील शेतकऱ्याला तोच पाऊस आठवडेच्या आठवडे ओल्या कपड्यांनिशी भातखाचरात उभा करतो. या दिवसांत पायांच्या बोटांत चिखल्या होणे, जांघेत गजकर्ण उठणे, यांत नवल ते कोणते? अशा वेळी एखाद्याच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर चंदेरी पापुद्र्यांचे लालसर चट्टे दिसू लागले, तर तेही 'नायटा' याच एका नावाखाली जमा होतात. मग सल्ल्यांचा पूर येतो. कोणी कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ सांगतो, कोणी रुईचा चीक किंवा बिब्बा. आणि कोणी औषधांच्या दुकानातून मलमाची नळी आणून देतो. 'झाडपाला बरा की डॉक्टरी औषध' हा वाद येथूनच सुरू होतो. शहरातील सुशिक्षित घरांतही तो याच आवेशाने चालतो.

हे चट्टे बहुधा सोरायसिसचे असतात. हा रोग संसर्गजन्य नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच त्वचेला डिवचू लागते आणि जी कातडी एरवी सुमारे महिनाभरात बदलते, ती काही दिवसांतच बदलू लागून पापुद्रे साचतात. तो आटोक्यात राहतो, वर्षानुवर्षे दबूनही राहतो. परंतु कायमचा नाहीसा करणारा उपाय अद्याप कोणत्याही पद्धतीकडे नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने आपल्या ठरावात हे स्पष्टपणे नमूद केले आहे. 'मुळापासून बरा करतो' अशी हमी देणारा, मग तो जटाधारी असो वा पदवीधर, येथेच उघडा पडतो.

'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' अशी जी भिंत आपण उभी करतो, ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. याच रोगाच्या इतिहासात आपल्या शेजारच्या गोव्याचे नाव कोरले गेले आहे. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडाच्या पोकळ्यांत सापडणारी पिवळसर भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि 'गोवा पावडर' या नावाने नायट्यावर वापरली जाऊ लागली. १८७०च्या दशकात लंडनच्या बालमॅनो स्क्वायर या डॉक्टरांना तिचा गुण सोरायसिसवरही दिसून आला. भुकटी निखळ निसर्गाची होती, तरी ती कातडी भाजीत असे, कपडे डागाळीत असे आणि डोळ्यांत गेल्यास भयंकर दाह करी. पहिल्या महायुद्धात जर्मनीला तिचा पुरवठा बंद पडला, तेव्हा १९१६ साली तेथील शास्त्रज्ञांनी तिच्याशी साधर्म्य असलेले डिथ्रॅनॉल प्रयोगशाळेत तयार केले. तेही दाहक आणि डाग पाडणारेच निघाले. मात्र त्याचे प्रमाण ठरविता आले, किती मिनिटे लावून धुऊन टाकावे हे सांगता आले. वनस्पतीपासून औषधापर्यंतच्या या प्रवासात जे मिळविले गेले, त्याचे नाव 'मोजमाप'.

कुष्ठरोगाची कथा याहून बोलकी आहे. सुश्रुताने वर्णिलेला तुवरक, म्हणजे पश्चिम घाटातील कडू कवठ, याच्या बियांचे तेल शतकानुशतके या रोगावर दिले जाई. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यकानेही त्या जातीची तेले आपलीशी केली. गुण थोडा, मळमळ फार, अशी त्यांची ख्याती होती. तरी दुसरा आधार नव्हता. पुढे डॅप्सोन आले. ते एकटे अपुरे पडते असे दिसताच १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांच्या संयुक्त उपचाराची शिफारस केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीस तपोवन उभारले, बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन. या संस्थांनी रुग्णाला माणूस म्हणून उभे केले. त्याच्या शरीरातील जंतू मात्र मारले ते गोळ्यांनी. करुणा आणि औषध यांना परस्परांची जागा घेता येत नाही.

तर मग डॉक्टरी औषध डोळे मिटून घ्यावे काय? मुळीच नाही. आज खेडोपाडी त्वचेचे सर्वांत मोठे नुकसान करणाऱ्यांत दुकानातून चिठ्ठीविना घेतलेली स्टेरॉइडयुक्त मलमे आहेत. खाज तत्काळ थांबते, म्हणून रुग्ण खूश होतो. गजकर्ण मात्र आतल्या आत पसरते आणि कातडी पातळ होत जाते. अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस केंद्र सरकारने २०१८ साली मनाई केली. सोरायसिसमध्ये पोटातून घेतलेली स्टेरॉइडे एकदम बंद केल्यास रोग दुप्पट वेगाने उसळू शकतो. मेथोट्रेक्सेट हे औषध गुणकारी खरे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणावर बेतते; रक्त आणि यकृत यांच्या तपासण्या चुकवून चालत नाहीत आणि गर्भवतीने ते घेता कामा नये.

झाडपाल्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. खोबरेल तेलाने पापुद्रे मऊ होतात, कोवळे ऊन अनेकांना मानवते, तंबाखू व दारू सोडल्याने लाभच होतो. हे उपाय औषधांच्या जोडीला अवश्य करावेत. परंतु बिब्बा किंवा रुईचा चीक कातडी जाळतो आणि सोरायसिसचा स्वभाव असा, की जेथे जखम होते तेथे नवा चट्टा उठू शकतो. बिननावाच्या पुडीत काय आहे हे देणारा सांगत नसेल, तर ती पुडी वनस्पतीची आहे यावर विश्वास ठेवण्यास आधार कोणता?

रुग्णाने गोळी देणाऱ्याला आणि मुळी देणाऱ्याला सारखेच प्रश्न विचारावेत. रोग कोणता? औषधात काय आहे? किती द्यावयाचे, किती दिवस? अपाय झाला तर कसा ओळखावा आणि तेव्हा कोणाकडे जावे? उत्तरे न देणाऱ्याचे औषध नाकारण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

तथापि, सारा भार रुग्णाच्या विवेकावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. भंडारदऱ्याहून नाशिक सुमारे ७० किलोमीटर आहे. आयुष्यभर चालणाऱ्या रोगासाठी दर वेळी दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे कोण मोजणार? जवळचा वैदू आणि जवळचे दुकान यांचे आकर्षण अज्ञानातून येते तितकेच अंतरातूनही येते. कुष्ठरोगाच्या गोळ्या मोफत गावोगाव पोहोचविणे या देशाने करून दाखविले आहे. मग राजूर-अकोले परिसरात महिन्यातील एक ठरलेला दिवस त्वचारोगतज्ज्ञाचा असावा, औषधाबरोबरच्या रक्त-तपासण्या तेथेच व्हाव्यात, ही मागणी अवास्तव कशी? विवेकाने निवड करावयाची, तर निवडीला दोन पर्याय आवाक्यात असावे लागतात. सह्याद्रीच्या या कोपऱ्यात त्यांपैकी एक अजून फार दूर आहे.