मांडीला पट्टा बांधण्याआधी एक रक्ततपासणी

आज सुरगाण्यातून बोलतोय. विषय आहे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बारीक झालेली मांडी परत कशी भरायची?

लिगामेंटचं ऑपरेशन झालं की मांडीचा पुढचा स्नायू भराभर झडतो. ताकद वाढवायला एरवी आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण ७० टक्के वजन लागतं. ताज्या ऑपरेशनच्या गुडघ्याला ते झेपणार कसं?

इथे जपानची एक युक्ती कामाला येते. योशिआकी सातो १९६६ साली एका धार्मिक कार्यक्रमात गुडघे मुडपून बराच वेळ बसले होते. पोटऱ्या इतक्या भरून आल्या, जणू भारी व्यायाम केलाय! त्यातून पुढे ‘कात्सू’ पद्धत आली.

नेमकं करतात काय?

मांडीच्या वरच्या टोकाला बीपीच्या मशीनसारखा हवेचा पट्टा बांधतात. पायात येणारं रक्त कमी होतं, परत जाणारं जवळपास अडतं. मग फक्त २० ते ३० टक्के वजनावर व्यायाम. आधी ३० वेळा, मग १५-१५-१५, मध्ये ३० सेकंद विश्रांती. ऑक्सिजन कमी पडला की एरवी जड वजनालाच जागे होणारे स्नायूतंतूही कामाला लागतात. सांध्यावर भार मात्र हलकाच.

मग अडचण कुठेय?

ऑक्सिजन कमी होणं, हीच सिकलसेलसाठी धोक्याची गोष्ट. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. नुसत्या वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला पत्ताही नसतो. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालंय. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पायात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, बीपी आटोक्यात नसेल किंवा दिवस गेले असतील, तर तेही आधी सांगा.

नाशिक इथून जवळपास ९० किलोमीटर. त्यामुळे मोबाईलवर व्हिडिओ बघून घरीच गमछा नाहीतर सायकलची ट्यूब आवळावीशी वाटेल. नका करू! फिजिओथेरपिस्ट आधी मोजतात, किती दाबाला तुमचं रक्त पूर्ण थांबतं. मग त्याच्या ४० ते ८० टक्केच दाब देतात. गमछ्याला हे मोजमाप कुठून येणार?

कबड्डीत गुडघा गेलेला कोणी मित्र असेल, तर हा भाग त्याला नक्की पाठवा. भेटूया!