चेंडू दिला, कर्णधारपद नाही : पालवणकर बाळू

धारवाडचा जन्म, पुण्याचं मैदान

भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज १८७६ साली धारवाडला जन्मला, म्हणजे आजच्या आपल्याच कर्नाटकात. पालवणकर बाळू चांभार समाजातले, वडील लष्करी नोकरीत. पुण्यात एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणं, लोळवणं हे बाळूंचं काम. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. बॅट मात्र बाळूंच्या हाती कधी दिली नाही.

विकेट चालतात, कप वेगळा

गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू क्लबाला उमगलं आणि त्यांना संघात घेतलं. मैदानावर सारे एकच चेंडू हाताळत. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. हा अपमान गिळून ते विकेट काढत राहिले. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम दोघेही होते.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ वारंवार हरला. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले.

नेतृत्वाची भिंत

इतकं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. माझ्या मते त्यांच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय हाच. दूरच्या अमेरिकेतही पुढे हेच घडलं. अमेरिकन फुटबॉलमधल्या कृष्णवर्णीय बर्नी कस्टिसला क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू व्हायचं होतं. क्लीव्हलँडचा संघ त्याला ती जागा द्यायला तयार नव्हता. १९५१ मध्ये तो कॅनडात, हॅमिल्टनकडून त्याच जागी खेळला.

इथे पालवणकर भावंडांनी १९२० मध्ये झगडा मांडला. कर्णधारपदासाठी डावलल्यामुळे शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून जाहीर माघार घेतली. मग बाळूंना उपकर्णधार करावं लागलं. कर्णधार एम. डी. पै काही वेळ मैदानाबाहेर राहिले, तेवढा वेळ सूत्रं बाळूंच्या हाती होती. १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल पूर्ण कर्णधार झाले आणि हिंदू संघाने धर्मवार संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली.

मैदानानंतर

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं.

बीदरकडच्या ठाणाकुशनूर, औराद, भालकीच्या शाळांत क्रिकेट शिकवणाऱ्या गुरुजींनी हे नाव मुलांना जरूर सांगावं.