इंजिनं बंद पडली तरी गोवा गाठता येतो

धारवाडच्या सप्तापुरात इंजिनिअर म्हणून राहायचं म्हणजे गल्लीतल्या यच्चयावत यंत्रांची जबाबदारी घेणं आलं. मिक्सर अडकला, वायफाय रुसलं, बोअरची मोटर नुसतीच गुरगुरली, की हाक आपल्यालाच. आणि कुठे विमानाची वाईट बातमी आली की संध्याकाळी कट्ट्यावर आपली उलटतपासणी ठरलेली. त्यात हा भाग क्लासेसचा. खोल्या भाड्याने घेऊन केएएस, पीएसआय, एफडीए अशा सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं इथे शेकड्यांनी राहतात, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं एका ओळीत मावणारं उत्तर हवं असतं. आमच्यासारख्या घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्यांची आणखी एक गंमत आहे. आम्हाला दोन्ही भाषांतले फॉरवर्ड येतात. गैरसमजसुद्धा दुप्पट.

त्यावर माझं साधं धोरण आहे. हकिगत कितीही रंगलेली असो, तीन गोष्टी विचारायच्या : आकडा कुठाय, तारीख कुठाय, आराखडा कुठाय? बहुतेक हकिगती पहिल्याच प्रश्नाला चहा मागवतात.

गैरसमज : इंजिन बंद पडलं की विमान सरळ खाली कोसळतं.

तसं होत नाही. विमानाला वर धरतात ते पंख, इंजिन नव्हे. इंजिनाचं काम पुढे ढकलण्याचं. ते थांबलं तरी उंची हीच शिल्लक असते आणि ती हळूहळू खर्चून विमान पुढे जात राहतं; घाटाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीसारखं. मोठं प्रवासी विमान एक किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण पंधरा किलोमीटर पुढे सरकतं.

आता हिशेब आपल्या डोक्यावरच करू. पस्तीस हजार फुटांवरून, म्हणजे सुमारे १०.७ किलोमीटर उंचीवरून, एखादं जेट सप्तापूरवरून चाललंय आणि दोन्ही इंजिनं थंडावली. १०.७ गुणिले १५ म्हणजे जवळपास १६० किलोमीटर. बेळगावचा सांबरा विमानतळ इथून हवेतून साठेक किलोमीटर आणि गोव्याचा दाबोळी सव्वाशे. वारा फार आडवा आला नाही तर गोवा गाठता येतो. हुबळीचा विमानतळ तर इतका जवळ आहे की उंची उतरवायला वैमानिकाला घिरट्या घालाव्या लागतील. वैमानिक अर्थातच गोव्याचा मोह धरणार नाही, जवळची धावपट्टी घेईल. पण वेळ असतो, पर्याय असतात, हे महत्त्वाचं.

हे कागदावरचं गणित नाही. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए-३३० विमानाचं इंधन गळतीमुळे अटलांटिकवर संपलं. दोन्ही इंजिनं बंद. ते सुमारे १२० किलोमीटर नुसतं तरंगत गेलं आणि अझोर्स बेटांवर उतरलं. विमानातले सगळेच्या सगळे ३०६ जण वाचले.

त्याआधीचा किस्सा मला जास्त प्रिय आहे, कारण तो थेट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा आहे. २३ जुलै १९८३, कॅनडा, बोइंग ७६७. देश तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. हिशेबात किलोच्या जागी पौंडांचा गुणक वापरला गेला आणि प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी भरलं. चाळीसेक हजार फुटांवर टाकी कोरडी झाली. कॅप्टनला ग्लायडर उडवण्याचा सराव होता म्हणून त्याने ते अवाढव्य विमान गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या तळावर उतरवलं, जिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचा मेळा भरला होता. कुणीही दगावलं नाही. ‘एकक लिहिलं नाही म्हणून सरांनी अर्धा मार्क कापला’ अशी कुरकुर करणाऱ्या पोरांना मी ‘गिमली’ हे नाव लिहून देतो.

गैरसमज : हुबळीला येतं ते पंख्याचं विमान म्हणजे जुना माल.

हा खास आपल्याकडचा. गोकुळ रोडच्या विमानतळावर एटीआर दिसलं की मुलाला सोडायला आलेली मावशी हमखास विचारते, “अरे, जेट नाही का रे मिळालं?” मावशी, त्या पंख्याच्या मागे जेटच आहे! आत गॅस टर्बाइन असतं, जेट विमानात असतं तेच तत्त्व; फरक एवढाच की त्याची बहुतेक ताकद पंखा फिरवण्यात जाते. आपण पाहतो ते एटीआर ७२-६०० हे रूप २०११ मध्ये सेवेत आलं, म्हणजे बऱ्याच जेट मॉडेलांपेक्षा वयाने लहान. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. हुबळी-बेंगळूरसारख्या छोट्या पल्ल्यात जेटला आपला वेग वापरायला सवडच मिळत नाही, आणि इंधन मात्र एटीआर बरंच कमी जाळतं. आवाज जास्त येतो, हे मान्य. कानाला जे जुनं वाटतं ते जुनं असतं असं नाही.

गैरसमज : पंखाच्या वरचा भाग फुगीर म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेला एकाच वेळी भेटायचं म्हणून ती जोरात पळते, म्हणून विमान उडतं.

हे अनेकांना शाळेत शिकवलं जातं, आणि परीक्षेत मार्कही मिळतात. पण वरच्या आणि खालच्या हवेने मागच्या टोकाला भेटायचं ठरवलेलं असतं कुठे? हवेच्या बोगद्यात धूर सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या कितीतरी आधी मागे पोचते. वर वेग जास्त आणि दाब कमी, एवढं बर्नूलीचं म्हणणं खरं; कारण मात्र चुकीचं जोडलेलं. शिवाय कसरतीची विमानं उलटी उडतात, त्यांच्या पंखांचा वरचा आणि खालचा आकार सारखाच असतो, त्याचं काय? पंख हवेशी थोडा कोन करून जातो आणि हवेला खाली वळवतो. भरलेलं एटीआर सुमारे २३ टनांचं. तेवढं वजन पेलायचं तर तेवढ्या जोराने हवा सतत खाली लोटत राहावी लागते. न्यूटनचा तिसरा नियम, बारावीच्याही आधीचा.

उडताना पंख वाकतात म्हणून घाबरणाऱ्यांसाठी एकच आकडा : २०१० मध्ये बोइंग ७८७ च्या चाचणीत पंखाची टोकं सुमारे २५ फूट वर वाकवली, पंख तुटला नाही. न वाकणारा पंख असता तर मी घाबरलो असतो.

आणि ‘कुणी माथेफिरूने उडत्या विमानाचं दार उघडलं तर?’ त्याचंही गणित सोपं आहे. जेटच्या नेहमीच्या उंचीवर आतला आणि बाहेरचा दाब यांत दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्ध्या किलोचा फरक असतो. दाराच्या आकाराला गुणलं की सहा-सात टन होतात. बहुतेक दारं उघडताना आधी थोडी आत ओढावी लागतात, म्हणजे या सहा-सात टनांच्या विरुद्ध. भीमालाही जमायचं नाही. मात्र जमिनीजवळ हा फरक जवळजवळ उरत नाही. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात देगू इथे उतरत असलेल्या विमानाचं दार एका प्रवाशाने सुमारे २१३ मीटर उंचीवर उघडलंच. विमान सुखरूप उतरलं.

आता अभ्यासाकडे येऊ, कारण कट्ट्यावरचे निम्मे प्रश्न पालकांचे असतात. ‘मुलाला पायलट व्हायचंय, एरोनॉटिकलला घालू का?’ घाला, पण त्याने पायलट होणार नाही. एरोनॉटिकलची पदवी विमान कसं बनवावं हे शिकवते. चालवायचं असेल तर रस्ता वेगळा : बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, अठरा वर्षं पूर्ण, डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा, आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण. पदवीची अट नाही. चष्मा असला की संपलं, हाही गैरसमजच. चष्म्यासह नजर नियमात बसली तर नागरी वैमानिकाला चालतं. तिसरा रस्ता विमान दुरुस्तीचा, एएमईचा. उड्डाणाआधी ‘विमान ठीक आहे’ अशी सही करण्याचा अधिकार त्या परवान्याने मिळतो, बी.ई.च्या पदवीने नाही. तीन वेगळे धंदे आहेत. फी भरण्याआधी कोणता हवा ते घरात बसून ठरवा. आणि विमान कंपन्यांना, प्रयोगशाळांना फक्त एरोनॉटिकलचेच लोक लागतात असंही नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, धातुशास्त्र, सॉफ्टवेअर हे सगळे त्या एका पंखाखाली मावतात.

इतका वेळ जे चाललं ते किरकोळ. आमच्या दोन्ही भाषांच्या माणसांना एकत्र आणणारा खरा मोठा गैरसमज पुढे आहे.

गैरसमज : राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं, १८९५ मध्ये, शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन ग्रंथावरून मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं.

या एका वाक्यात महाराष्ट्राचा नायक आहे आणि कर्नाटकाचा ग्रंथ. त्यामुळे सीमाभागात ते फार आवडीने फिरतं. २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालं आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही आला, तेव्हा तर आमच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

तारखा पाहू. ‘वैमानिक शास्त्र’ हे भरद्वाज ऋषींच्या नावावर असलं तरी ते सांगितलं बेंगळूरजवळच्या आनेकलच्या पंडित सुब्बराय शास्त्री यांनी, १९१८ ते १९२३ या काळात. चौपाटीची कथा १८९५ ची. म्हणजे ग्रंथ लिहायला सुरुवात होण्याच्या तेवीस वर्षं आधी त्यावरून विमान तयार! तळपदे तर ग्रंथाची पहिली ओळ उतरण्याआधीच वारले होते.

आराखडा पाहू. १९७४ मध्ये बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच संशोधकांनी, मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू यांनी, हा ग्रंथ घेऊन त्यातल्या शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चारही विमानांची रीतसर तपासणी केली. टिंगल केली नाही. वजन, आकार, शक्ती यांचं गणित मांडलं. निष्कर्ष असा की यांतलं एकही उडू शकत नाही, आणि ग्रंथाची भाषा पाहता तो १९०४ च्या आधीचा नाही. त्यातली चित्रंही विसाव्या शतकात बेंगळूरच्या एका ड्राफ्ट्समनने काढलेली. चौपाटीचं विमान पाऱ्याच्या इंजिनावर चाललं असं सांगणारे बचावासाठी नासाचं नाव घेतात. नासाने १९६४ मध्ये पारा वापरणारं आयन इंजिन अवकाशात चालवलं हे खरं. त्याचा रेटा काही ग्रॅमचा होता आणि तो निर्वातातच कामाचा. चौपाटीच्या हवेत तेवढ्यावर पतंगही हलायचा नाही.

राहिली चौपाटीची साक्ष. सांगणारे न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड यांना तिथे हजर करतात, ‘केसरी’चा हवाला देतात; अंकाची तारीख आणि कात्रण मात्र देत नाहीत. तळपदे जे. जे. कला विद्यालयात शिकवणारे, विमानाचा ध्यास घेतलेले गृहस्थ होते. त्यांची हौस खरी होती यात मला शंका नाही. पण मनुष्यरहित विमान १८९५ मध्ये उडालं असतं तरी राइट बंधूंचं काही बिघडत नव्हतं. १८७१ मध्येच पॅरिसच्या बागेत आल्फाँस पेनोने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं होतं आणि सॅम्युएल लँगलीचं वाफेवरचं मनुष्यरहित विमान १८९६ मध्ये हजार मीटरच्या आसपास गेलं. १७ डिसेंबर १९०३ चं महत्त्व माणूस बसवून, इंजिनावर, ताब्यात ठेवून उडण्याचं आहे. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्यामागे १९०१ मध्ये घरच्या हवेच्या बोगद्यात तपासलेले पंखांचे सुमारे दोनशे आकार होते. दोघे सायकलवाले, शाळेचा दाखलाही पुरा नाही. पण वही चोख.

मला राग येतो तो याचा, की या कथेच्या गर्दीत खरी माणसं हरवतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन डिसेंबर १९४० मध्ये बेंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढलं. तीच आजची एचएएल. तिथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे आले. जर्मनीत गोटिंगेनला लुडविग प्राण्ट्ल यांच्या हाताखाली, म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राच्या जनकाकडे, त्यांनी डॉक्टरेट केली होती. पुढे त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या विमानविद्या विभागात सुरुवातीच्या तुकड्यांना शिकवलं. ‘वैमानिक शास्त्र’ तपासलं गेलं ते याच संस्थेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं आणि दीडशेहून जास्त बनली. काही घानाला विकलीही गेली. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली किरण हे जेट झालं, ज्यावर हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाने वर्षानुवर्षं कसरती केल्या. आकडे आहेत, तारखा आहेत, आराखडे आहेत. पण सप्तापुरात दहा जणांना विचारलं तर तळपदे आठांना ठाऊक असतील आणि घाटगे कदाचित एकालाही नाही.

तेव्हा चौपाटीवरच्या विमानाचा फॉरवर्ड पुन्हा आला तर भांडू नका. त्याखाली एवढंच लिहून पाठवा : डॉ. वि. मा. घाटगे, हसूरचंपू, एचटी-२, ऑगस्ट १९५१.