पेन्शनच्या कागदांतले शिपाई

‘पेन्शन’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत मोठ्या जिव्हाळ्याचा. पण पेन्शनच्या अर्जांतून एका राष्ट्राचा इतिहास हाती लागावा, ही मात्र नवलाचीच गोष्ट! अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ते १७८३ या काळात झाले. त्यात लढलेल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या पेन्शनची सुमारे ८०,००० प्रकरणे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने जतन केली आहेत.

१८०० साली युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि आधीचे अर्ज जळाले. म्हणून अभ्यासकाची भिस्त मुख्यतः १८१८ नंतरच्या कागदांवर. त्या वर्षीच्या कायद्याने गरजू शिपायाला दरमहा ८ डॉलर मिळू लागले. अर्जांचा असा पाऊस पडला, की १८२० मध्ये सरकारने गरिबीचाच पुरावा मागितला! म्हातारे सैनिक कोर्टात आपल्या चीजवस्तूंची यादी देऊ लागले. पंधराव्या वर्षी सैन्यात शिरलेल्या जोसेफ प्लम मार्टिनच्या यादीत निघाले काय? दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर!

१८३२ च्या कायद्याने गरिबीची अट गेली. सहा महिन्यांची नोकरी पुरेशी ठरली. पण तिचे दाखले कितीजणांजवळ असणार? सत्तरी-ऐंशीचे वृद्ध कोर्टापुढे आठवतील त्या लढाया, आठवतील ते अधिकारी सांगत. निरक्षर सैनिक जबानीखाली फुली मारी. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणी त्या! साल चुकते, नाव चुकते. म्हणून अभ्यासकाला त्या हजेरीपटांशी ताडून पाहाव्या लागतात. विधवांनी तर लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलातली नोंदींची पाने फाडून धाडली. तीही जपलेली आहेत.

याच दप्तरात जेहू ग्रँटचा अर्ज आहे. जेहू ऱ्होड आयलंडमधला गुलाम. १७७७ मध्ये धन्याकडून पळून तो सैन्यात गेला. सुमारे दहा महिन्यांनी धन्याने त्याला परत नेले. १८३२ मध्ये त्याने पेन्शन मागितली. ती नाकारली गेली. कारण? नोकरीच्या वेळी तो पळालेला गुलाम होता! १८३६ मध्ये त्याने पुन्हा विनवले. चहूकडे स्वातंत्र्याचा घोष चालला असता आपणच कसे मागे राहणार, असे त्याचे म्हणणे. तेही व्यर्थ गेले.

म्हणूनच मंजूर अर्जांइतकेच नामंजूर अर्जही वाचले पाहिजेत. सेनापतींना चरित्रकार पुष्कळ मिळतात. जेहूची हकीकत मात्र एका नामंजूर कागदानेच राखली.