उलांडीचा आधार, खाडीचा आसरा

भारताच्या पूर्व किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरांनी बांधून फुटत्या लाटांपलीकडे जात आले आहेत. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपियरच्या १६९७ च्या प्रवासवर्णनातही या तराफ्यांचा उल्लेख आहे. आजची दोन सांगाड्यांची शिडाची नाव, म्हणजे कॅटामरान, नाव या तराफ्यांचं घेते, पण रचनेने ती पॅसिफिकमधल्या जोडहोड्यांची वारस. १९७६ साली ‘होकुलेआ’ ही तशीच बांधलेली होडी दर्यावर्दी माऊ पियाईलुग यांनी तारे आणि लाटा वाचत, एकही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला नेली. जाहिराती पाहून आपण ही नाव कॅरिबियनच्या धनिकांची मानतो. तिचं तत्त्व मात्र कोकणात जुनंच रुजलेलं आहे, आणि आपल्या उथळ खाड्यांना व किल्ल्यांच्या बेटांना याच जातीची नाव सोसते, असं माझं म्हणणं आहे.

पहिला पुरावा मालवणपासून गोव्यापर्यंतच्या वाळूवर उभा आहे. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, होडी अरुंद आणि उंच असते. एकटी सोडली तर लाटेत कलंडेल. म्हणून तिच्या एका अंगाला दोन वाकडी लाकडं आडवी बांधून त्यांच्या टोकांना हलक्या लाकडाचा ओंडका जोडतात. हीच उलांडी. सगळे सांधे काथ्याने आवळलेले असतात, त्यामुळे लाट आली की जोड थोडा लवतो आणि मोडायचा वाचतो. जाळं सुटतं ते उलांडी नसलेल्या बाजूने. जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय नौकांवर लिहिताना पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा होड्यांचा संबंध थेट आग्नेय आशिया आणि पॅसिफिकशी जोडला. त्यांचा वंशविस्तार कुणाला पटो न पटो, होडीचा तोल तळाच्या वजनाऐवजी रुंदीने सांभाळायचा हा विचार दोन्हीकडे एकच आहे. कावड वाहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा पुरावा इतिहासाचा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून बेटाची कोंडी केली. तरी मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात, किनाऱ्याच्या उथळ पाण्यातून, रसद पोचवत राहिल्या. वल्ह्यांवर चालणाऱ्या त्या होड्यांना वारा पडल्याची फिकीर नव्हती, आणि त्या जिथे शिरत तिथे मोठ्या जहाजांना पाठलाग करता येत नव्हता. कमी पाण्यात तरंगणं हे तिथे लढाईचं बळ ठरलं. आजच्या बारा-तेरा मीटर लांबीच्या कॅटामरानला साधारण सव्वा मीटर पाणी पुरतं. तेवढ्याच लांबीच्या, तळाला वजनी कील असलेल्या नौकेला दोन मीटरच्या आसपास लागतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचलेला असतो तिथे हा पाऊण मीटर फार मोठा. मालवण-गोव्याकडे उधाणाची भरती-ओहोटी सुमारे दोन मीटरची, मुंबईला पाच मीटरपर्यंत. ओहोटीला तळ लागला तर कीलची नाव कुशीवर पडते; कॅटामरान दोन्ही सांगाड्यांवर वाळूत सरळ बसून भरतीची वाट पाहते. शिवाय नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडायची असते. पाणी उथळ असलं की साखळी आखूड लागते, नांगराभोवती फिरायला जागाही कमी लागते.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. भारतीयांची खरी सागरपरिक्रमा कीलच्या नौकेनेच झाली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’वरून. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ही नौका छप्पन्न फुटी, एका सांगाड्याची. दक्षिण महासागराच्या लाटांत आडवी झालेली कीलची नाव पुन्हा उभी राहते; उलटलेली कॅटामरान उलटीच राहते. हे नाकारता येत नाही, आणि केप हॉर्नला जायचं असेल तर मीही म्हादेईच निवडेन. पण विजयदुर्ग ते सिंधुदुर्ग हा केप हॉर्न नव्हे. इथे सकाळी मतलई वारा, दुपारनंतर खारा, आणि थोड्या थोड्या अंतरावर खाडी. पावसाळ्यात प्रवास बंदच. मोसमाच्या दोन्ही टोकांना चक्रीवादळाचा धोका असतो, ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्याला धडकलंच; अशा वेळी जी नाव खाडीत जास्त आत जाऊ शकते तिला आसराही जास्त मिळतो.

मला अधिक छळतो तो दुसरा आक्षेप. सिंधुदुर्गाभोवती प्रवाळ आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, २९ चौरस किलोमीटरचं. नांगराची साखळी प्रवाळावरून एकदा घासली तरी वर्षानुवर्षांची वाढ चिरडते, आणि रापण ओढण्याच्या वाळूसमोर उभ्या राहिलेल्या नावा मच्छीमाराच्या पोटावर पाय देतात. २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जागतिक वारसा यादीत गेल्यावर नावांची गर्दी वाढणार हे उघड आहे. म्हणून प्रवाळाच्या भागात नांगराला पूर्ण बंदी हवी, आणि जागा ठरवून कायमचे बोये टाकायला हवेत. त्या जागा ठरवताना रापणकरांचा शब्द शेवटचा असावा. दांडा कुठल्या महिन्यात कुठे सरकतो, हे ते रोज पाहतात. खोल पाण्याच्या जेट्टीवर खर्च होणाऱ्या निधीतला थोडा वाटा खाडीमुखांच्या दरवर्षीच्या मोजणीला मिळाला, तर शिडाच्या नावेइतकाच त्यांच्या होड्यांनाही उपयोग होईल.