कोयता एक, राबणारे दोघं

माजलगाव तालुक्यातल्या उसाच्या फडात उजाडायच्या आत कोयते चालू होतात. नवरा वाकून अगदी जमिनीलगत घाव घालतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते. बायको पाचट सोलते, वाढं छाटते आणि वाढ्यालाच पीळ देऊन मोळी आवळते. ट्रॉली आली की मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढायचं. दवानं फळी ओली झालेली असली, तरी तिचा पाय थांबत नाही.

काम आवडतं का, असं दोघांना विचारलं. "फड निघाला, रान मोकळं दिसलं की बरं वाटतंय," तो म्हणाला. साफ तोडीचा अभिमान त्याच्या बोलण्यात होता. ती मोळी बांधता बांधताच म्हणाली, "उचल फिटल्यावर इचारा."

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घ्यायची आणि ती टनाटनानं फेडायची, अशी ही रीत. जेवढं काम तेवढा दाम, हे शहरातल्या डिलिव्हरीवाल्यासारखंच. पण तो ॲप बंद करून घरी तरी जाऊ शकतो. उचल घेतलेल्याला फड सोडता येत नाही आणि आजारपणाच्या दिवसाचाही खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला जातो.

जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला सुमारे २७३ रुपयांचे ३६६ झाले. दिवसभरात दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये, तेही दोघांचे मिळून. हिशेब कोयत्याचा, म्हणजे जोडप्याचा. त्यात तिच्या नावावर वेगळी मजुरी नसते.

याची किंमत तिच्या शरीरानं मोजली आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दुखण्यात घरी बसलं तर खाडा, ही भीतीही त्यामागे होती.

ऊसतोड कामगारांसाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, ओळखपत्रंही मिळू लागली आहेत. पुढचं पाऊल साधं आहे: तिची मजुरी तिच्या खात्यात, आजारपणाचा दिवस बिनखाड्याचा आणि उचलीचा हिशेब लेखी. एवढं झालं, तर कामाच्या समाधानाबद्दल तिला विचारण्याचा आपल्याला काही हक्क राहील.